कुमक किती तासांत पोहोचेल?



 आजचा विषय आहे ध्रुवीय प्रदेशातलं तेल, आणि ते काढू नका म्हणून बर्फाळ समुद्रात छोट्या होड्या घालणारी माणसं.

फौजेतून निवृत्त झालेला माणूस पर्यावरणाच्या आंदोलनावर का बोलतोय, असं काहींना वाटेल. आमच्या निवृत्तांच्या कट्ट्यावर आंदोलक म्हटलं की पहिला शब्द निघतो 'रिकामटेकडे'. दुसरा शब्द त्याहून कडक असतो. म्हणून मी या विषयाकडे फौजी सवयीनं बघायचं ठरवलं. आमच्याकडे मोहिमेआधी परिस्थितीचं लेखी मूल्यमापन करतात, त्याला आम्ही 'ॲप्रिसिएशन' म्हणतो. उद्दिष्ट काय, जमीन कशी, हवामान कसं, रसद कुठून येणार, जखमींना बाहेर कसं काढणार. तेल कंपन्यांची मोहीम आणि तिला अडवणाऱ्यांची मोहीम, दोन्ही मी या एकाच चौकटीत घालून पाहिल्या.

त्यातून माझ्या हाती एक गोष्ट लागली. पांढऱ्या अस्वलांची चित्रं, घोषणा, फलक हे सगळं या आंदोलनात होतं. पण ज्या प्रश्नाला कंपन्यांकडे शेवटपर्यंत नीट उत्तर नव्हतं, तो प्रश्न कुठलाही स्टाफ ऑफिसर पहिल्या बैठकीत विचारतो. काही बिनसलं, तर मदतीला कोण येणार, काय घेऊन येणार, आणि किती तासांत पोहोचणार?

आधी जमीन समजून घेऊ. उत्तर ध्रुव आणि दक्षिण ध्रुव आपण एका दमात बोलतो, पण दोन्हीकडची परिस्थिती एकमेकींच्या उलट आहे. दक्षिणेला अंटार्क्टिका हा खंड आहे आणि त्याच्याभोवती समुद्र आहे. उत्तरेला आर्क्टिक हा समुद्र आहे आणि त्याच्याभोवती देश आहेत: रशिया, अमेरिका, कॅनडा, नॉर्वे, आणि ग्रीनलंडमुळे डेन्मार्क. समुद्र म्हटला की किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या साधनसंपत्तीवर त्या त्या देशाचा हक्क येतो. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेनं २००८ मध्ये अंदाज मांडला, की जगात अजून न सापडलेल्या तेलापैकी सुमारे १३ टक्के आणि नैसर्गिक वायूपैकी सुमारे ३० टक्के साठा आर्क्टिकमध्ये असावा, आणि त्याचा बहुतेक भाग समुद्राखाली असावा. त्याच वर्षी खनिज तेलाचा भाव बॅरलला १४० डॉलरच्या वर गेला होता. कंपन्या तिकडे का धावल्या, हे वेगळं सांगायला नको.

आता हवामान आणि रसद. बर्फात नोकरी केलेल्या कोणालाही विचारा, खाली मैदानात अर्ध्या तासात होणारं काम तिथे अर्धा दिवस खातं. हेलिकॉप्टर तयार असतं, वैमानिक तयार असतो, पण ढग उठत नाहीत. आर्क्टिक समुद्रात यात आणखी दोन गोष्टींची भर पडते: महिनोन्महिने टिकणारा अंधार आणि सतत सरकणारा बर्फ. उबदार समुद्रात तेल सांडलं, तर त्याचा काही भाग लवकर उडून जातो, काही जिवाणू खातात. थंडीत या दोन्ही क्रिया मंदावतात. तेल बर्फाच्या खाली अडकतं, बर्फाबरोबर गोठतं, बर्फ सरकेल तिकडे जातं, आणि उन्हाळ्यात बर्फ वितळला की भलत्याच ठिकाणी बाहेर येतं. तेल अडवायला पाण्यावर जे तरंगते अडसर टाकतात आणि ते उपसायला जी यंत्रं वापरतात, ती तुटक्या बर्फात धड चालत नाहीत.

विहीर फुटली तर काय करतात? वरून झाकण बसवायचा प्रयत्न करतात, आणि कायमचा उपाय म्हणून शेजारून दुसरी विहीर खणून पहिलीला खालून बंद करतात. २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातात 'डीपवॉटर होरायझन' या तरंगत्या फलाटावर स्फोट झाला. विहिरीतून वाहणारं तेल थांबवायला ८७ दिवस लागले. शेजारून खणलेल्या विहिरीनं ती कायमची बंद केली, तेव्हा सप्टेंबर उजाडला होता. जवळपास बंदरं होती, विमानतळ होते, समुद्र तुलनेनं शांत होता, हजारो बोटी आणि हजारो माणसं कामाला लागली होती. आता तीच विहीर अलास्काच्या उत्तरेला, सप्टेंबरच्या अखेरीस फुटली असं समजा. ऑक्टोबर संपता संपता समुद्र गोठू लागतो. म्हणजे दुसरी विहीर पूर्ण होण्याआधी काम थांबवावं लागेल, आणि पहिली विहीर कदाचित पुढच्या उन्हाळ्यापर्यंत बर्फाखाली वाहत राहील.

अंतराचा हिशेब आपल्या घरच्या उदाहरणानं करू. २७ जुलै २००५ ला 'मुंबई हाय'मधल्या एका फलाटाला आग लागली. जागा मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर. २६ जुलैच्या त्या पावसाचा दुसराच दिवस, समुद्र खवळलेला. दोनेक तासांत फलाट कोसळला. तरीही नौदल, तटरक्षक दल आणि आसपासच्या बोटींनी मिळून ३८४ पैकी ३६२ माणसं वाचवली. २२ जणांचे जीव गेले. मदत जवळ होती म्हणून तो आकडा तिथे थांबला. 'शेल' कंपनीनं अलास्काच्या उत्तरेला चुकची समुद्रात जिथे विहीर खणायचं ठरवलं, तिथून अमेरिकी तटरक्षक दलाचा जवळचा मोठा तळ, कोडिॲक, १५०० किलोमीटरहून दूर आहे.

शेलची ही मोहीम अभ्यासण्यासारखी आहे. २००८ मध्ये कंपनीनं चुकची समुद्रातल्या क्षेत्रांसाठी सुमारे २.१ अब्ज डॉलर मोजले. खटले आणि परवाने यांत चार वर्षं गेली. २०१२ मध्ये प्रत्यक्ष काम सुरू झालं, आणि त्या एका वर्षात काय काय घडलं ते क्रमानं ऐका. जुलैत 'नोबल डिस्कव्हरर' हे खणणारं जहाज डच हार्बरमध्ये नांगर सोडून वाहत किनाऱ्यापर्यंत गेलं. सप्टेंबरात, फुटलेल्या विहिरीवर बसवायच्या घुमटाची चाचणी वॉशिंग्टन राज्यातल्या शांत पाण्यात घेतली, तर तो घुमट चेपला. डिसेंबरच्या अखेरीस 'कुलुक' नावाचा तरंगता फलाट ओढून सिॲटलकडे नेत होते. वादळात ओढदोर तुटला, मग ओढणाऱ्या जहाजाची चारही इंजिनं बंद पडली. २९ डिसेंबरला तटरक्षक दलाच्या हेलिकॉप्टरांनी १८ माणसांना वर उचललं, आणि ३१ डिसेंबरला कुलुक एका बेटाच्या खडकाळ किनाऱ्यावर जाऊन आदळला. त्याच्या टाक्यांत डिझेल होतं. मोठी गळती झाली नाही, हे नशीब.

तटरक्षक दलानं पुढे चौकशी केली. एवढ्या हिवाळ्यात फलाट हलवण्याची घाई का, याचं एक कारण अहवालात असं आलं, की १ जानेवारीला फलाट अलास्काच्या हद्दीत असता तर राज्याचा कर भरावा लागला असता. फौजेत आम्ही म्हणतो, तारीख बघून केलेली हालचाल आणि हवामान बघून केलेली हालचाल यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. आणि लक्षात घ्या, हे सगळं तेलाचा थेंब निघायच्या आधीचं. कुलुक आदळला ती जागा तर चुकची समुद्राच्या बरीच दक्षिणेला, कोडिॲकच्या तळाच्या आसपास होती.

२०१५ मध्ये शेल परत आली. या वेळी अडवणारेही तयारीनं उभे होते. अमेरिकी सरकारच्याच पर्यावरण अहवालात म्हटलं होतं, की या क्षेत्रांतून पूर्ण प्रमाणात तेल काढलं, तर प्रकल्पाच्या आयुष्यात एक किंवा अधिक मोठ्या गळत्या होण्याची शक्यता ७५ टक्के आहे. आंदोलकांनी हा आकडा घरोघरी पोहोचवला. मे महिन्यात सिॲटल बंदरात 'पोलर पायोनियर' हा प्रचंड फलाट आला, तेव्हा शेकडो माणसं कयाक घेऊन पाण्यात उतरली. कयाक म्हणजे एकट्यादुकट्यानं वल्हवायची अरुंद होडी. मूळ शोध आर्क्टिकच्याच लोकांचा. टीकाकार हसले, म्हणाले, यांच्या होड्यासुद्धा तेलापासून बनवलेल्या प्लास्टिकच्या आहेत. ते खरंच होतं. पण प्लास्टिकची होडी वापरणाऱ्यानं मदत किती तासांत येईल हे विचारू नये, असा काही नियम नाही.

जुलैत एक गोष्ट घडली, ती मला फौजी माणूस म्हणून फार लक्षणीय वाटते. शेलचं 'फेनिका' हे बर्फफोडं जहाज डच हार्बरजवळ नकाशावर नसलेल्या खडकाला घासलं आणि त्याच्या तळाला भेग पडली. दुरुस्तीसाठी ते पोर्टलंडला आणावं लागलं. विहीर फुटली तर तिच्यावर बसवायचं झाकण या जहाजावर होतं, आणि ते जागेवर पोहोचेपर्यंत तेलाच्या थरापर्यंत खणायला सरकारची परवानगी नव्हती. म्हणजे सगळ्या मोहिमेची रसद त्या एका जहाजावर येऊन थांबली होती. २९ जुलैला ग्रीनपीसचे १३ जण पोर्टलंडच्या सेंट जॉन्स पुलावरून दोरांनी खाली लटकले, आणि नदीत कयाकवाले उभे राहिले. जहाज एकदा मागे फिरलं. कोर्टानं तासाला २५०० डॉलर दंड लावला. सुमारे ४० तासांनी पोलिसांनी वाट मोकळी केली आणि जहाज गेलं.

४० तास म्हणजे काहीच नाही, असं कोणी म्हणेल. पण ज्या जहाजानं संकटात धावून जायचं, तेच दुरुस्तीसाठी हजारो किलोमीटर दूर आलं आहे, हे त्या ४० तासांत जगानं टीव्हीवर पाहिलं. जे पत्रकांनी वर्षभरात झालं नसतं, ते त्या दोरांनी दीड दिवसात केलं.

दोन महिन्यांनी, २८ सप्टेंबर २०१५ ला शेलनं जाहीर केलं, की विहिरीत पुरेसं तेल-वायू सापडलेलं नाही आणि अलास्काच्या समुद्रातलं शोधकाम आम्ही नजीकच्या भविष्यापुरतं थांबवतो आहोत. तोपर्यंत सुमारे ७ अब्ज डॉलर खर्च झाले होते. हा आंदोलनाचा विजय म्हणायचा का? प्रामाणिक हिशेब असा. विहीर निराशाजनक निघाली. तेलाचा भाव वर्षभरात निम्म्यावर आला होता. नियम अनिश्चित आणि खर्च अफाट होता. ही तिन्ही कारणं होती. पण खटल्यांनी लांबलेली वर्षं, वाढलेल्या अटी, प्रत्येक चुकीवर पडलेला उजेड, यांनी तो खर्च वाढवला होता. किल्ला उपाशी पडला म्हणून शरण आला, तर वेढा घालणाऱ्यांचं काहीच श्रेय नाही, असं आपण म्हणत नाही. फक्त सगळं श्रेय त्यांचंच, असंही म्हणू नये.

आता रशियाकडे जाऊ, कारण तिथे वेगळा धडा मिळतो. पेचोरा समुद्रात, किनाऱ्यापासून सुमारे ६० किलोमीटरवर, गाझप्रोमचा 'प्रिराझलोम्नाया' हा फलाट आहे. आर्क्टिक समुद्रातला तो रशियाचा पहिला तेल काढणारा फलाट. १८ सप्टेंबर २०१३ ला ग्रीनपीसच्या होड्या तिथे गेल्या, दोघं जण फलाटाच्या भिंतीवर चढू लागले. रशियन तटरक्षकांनी इशाऱ्याच्या गोळ्या झाडल्या आणि त्या दोघांना पकडलं. दुसऱ्या दिवशी हेलिकॉप्टरमधून सशस्त्र जवान 'आर्क्टिक सनराइज' या जहाजावर उतरले आणि जहाज ओढून मुर्मान्स्कला नेलं. २८ आंदोलक आणि दोन मुक्त पत्रकार, असे ३० जण तुरुंगात गेले. आरोप लावला चाचेगिरीचा, शिक्षा १५ वर्षांपर्यंत.

चाचेगिरी म्हणजे काय, हे आपल्या कोकणच्या किनाऱ्याला शिकवायला नको. त्यात लूट लागते, हिंसा लागते. इथे निःशस्त्र माणसं आणि एक फलक होता. खुद्द पुतिन जाहीरपणे म्हणाले, की हे चाचे नाहीत हे उघड आहे, पण त्यांनी कायदा मोडला आहे. पुढे आरोप 'गुंडगिरी'वर आला, नोव्हेंबरात जामीन मिळाले, डिसेंबरात रशियन संसदेनं दिलेल्या माफीत सगळे सुटले. जहाजावर नेदरलंड्सचा झेंडा होता, म्हणून तो देश आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणांकडे गेला. २०१५ मध्ये लवादानं ठरवलं, की नेदरलंड्सच्या संमतीशिवाय जहाजावर चढून रशियानं सागरी कायद्याचा भंग केला. २०१७ मध्ये सुमारे ५४ लाख युरो भरपाई ठरली, आणि २०१९ मध्ये २७ लाख युरोंवर तडजोड झाली.

कायदा आंदोलकांच्या बाजूनं लागला, पण तेल थांबलं नाही. प्रिराझलोम्नायामधून डिसेंबर २०१३ मध्येच, म्हणजे हे लोक सुटत होते त्याच महिन्यात, तेल निघू लागलं. २०२३ मध्ये रशियानं ग्रीनपीसला 'अनिष्ट संघटना' ठरवून देशाबाहेर काढलं. जिथे न्यायालय, वर्तमानपत्र आणि मतदार यांच्यापैकी कोणीही सरकारला प्रश्न विचारू शकत नाही, तिथे दोरावर लटकलेल्या माणसाचा प्रश्न हवेतच राहतो. पोर्टलंड आणि पेचोरा यांतला फरक आंदोलकांच्या धैर्यात नव्हता. तो दोन देशांच्या व्यवस्थेत होता.

एक गोष्ट आंदोलनाच्या बाजूच्या लोकांनीही ऐकायला हवी. आर्क्टिक ओसाड नाही. तिथे इनुइट आणि इतर अनेक लोक पिढ्यानपिढ्या राहतात. अलास्काच्या उत्तर भागातल्या शाळा, दवाखाने, पाण्याच्या सोयी बऱ्याच अंशी तेलावरच्या करातून उभ्या राहिल्या. त्यामुळे तिथल्या गावांत तेलाच्या बाजूचेही लोक आहेत आणि व्हेल जाईल म्हणून विरोध करणारेही आहेत. शिवाय सत्तर-ऐंशीच्या दशकात ग्रीनपीसनं सीलच्या शिकारीविरुद्ध जी मोहीम केली, तिच्यामुळे सीलच्या कातड्याचा बाजार कोसळला आणि पोटासाठी शिकार करणाऱ्या इनुइट कुटुंबांचं उत्पन्न बुडालं. २०१४ मध्ये ग्रीनपीस कॅनडानं त्याबद्दल इनुइट लोकांची माफी मागितली. उशिरा मागितली, पण मागितली.

त्यानंतरची हकिकत आपल्या भाषाप्रेमी मंडळींनी विशेष ऐकावी. कॅनडाच्या बॅफिन बेटावर क्लाइड रिव्हर नावाचं हजारभर वस्तीचं गाव आहे. तेल शोधण्यासाठी समुद्रात आवाजाचे धक्के देऊन तळाची तपासणी करतात. २०१४ मध्ये कॅनडाच्या नियामक मंडळानं गावाजवळच्या समुद्रात अशा तपासणीला परवानगी दिली. व्हेल आणि सील यांच्यावर याचा काय परिणाम होईल, असं गावकऱ्यांनी विचारलं होतं. कंपन्यांनी उत्तरादाखल ३९२६ पानांचा दस्तऐवज पाठवला. त्यातला अगदी थोडा भाग गावकऱ्यांच्या इनुक्टिटुट भाषेत होता, आणि तिथल्या कमजोर इंटरनेटवर ती फाइल उघडतसुद्धा नसे. गाव कोर्टात गेलं. एकेकाळी ज्या ग्रीनपीसचं नाव तिथे काढायची सोय नव्हती, ती या वेळी पाठीशी उभी राहिली. २६ जुलै २०१७ ला कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं ती परवानगी रद्द केली. हा खरा सल्लामसलतीचा मार्ग नव्हे, असं न्यायालयाला दिसलं. कोणी लटकलं नाही, कोणाला अटक झाली नाही. गावानं आपल्या भाषेत उत्तर मागितलं, आणि उत्तर नव्हतं.

आता दक्षिणेकडे वळू, कारण तिकडे काम आधीच झालं. १९८८ मध्ये वेलिंग्टनला अंटार्क्टिकासाठी एक करार तयार झाला. त्यात अटी घालून खनिज आणि तेल काढायची वाट मोकळी होणार होती. १९८९ च्या जानेवारीत अर्जेंटिनाचं 'बाहिया पाराइसो' हे जहाज अंटार्क्टिकाच्या किनाऱ्याजवळ खडकावर आपटलं आणि लाखो लिटर डिझेल समुद्रात गेलं. मार्चमध्ये अलास्कात 'एक्सॉन व्हाल्डीझ' फुटलं, सुमारे ४ कोटी लिटर तेल सांडलं, आणि दोन हजार किलोमीटरहून अधिक किनारा माखला. त्यातलं फारच थोडं परत गोळा करता आलं. इकडे ग्रीनपीसनं १९८७ पासून रॉस बेटावर स्वतःचा तळ चालवला होता. मोजकी माणसं तिथे हिवाळा काढत आणि मोठ्या देशांच्या तळांवरचा कचरा जगासमोर आणत. फ्रान्समध्ये समुद्रशोधक जाक कुस्तो यांनी लाखो सह्या जमवल्या. १९८९ मध्येच ऑस्ट्रेलिया आणि फ्रान्सनं करारावर पाणी सोडलं. त्याच्या जागी ४ ऑक्टोबर १९९१ ला माद्रिदचा करार झाला. वैज्ञानिक संशोधन सोडून खनिजांसंबंधी कुठलंही काम अंटार्क्टिकात करायचं नाही, असं त्याच्या सातव्या कलमात ठरलं. १४ जानेवारी १९९८ पासून तो लागू आहे.

२०४८ मध्ये ही बंदी संपते, असं व्हॉट्सॲपवर फिरतं. तसं नाही. २०४८ नंतर एखादा सल्लागार देश फेरविचाराची परिषद मागू शकेल, इतकंच. त्या जागी बंधनकारक नवी व्यवस्था आल्याशिवाय बंदी उठत नाही.

यात भारत कुठे आहे? अगदी आत. १९८३ पासून आपण अंटार्क्टिका करारात मताचा अधिकार असलेले सल्लागार देश आहोत. त्या मोसमात 'दक्षिण गंगोत्री' हे पहिलं ठाणं उभं राहिलं, आणि ते बांधण्यात आपल्या फौजेच्या जवानांचे हात होते, याचा मला अभिमान आहे. पुढे 'मैत्री' आणि 'भारती' आली. या सगळ्याचं काम चालतं ते गोव्यात वास्कोच्या ध्रुवीय संशोधन केंद्रातून. २०२२ मध्ये संसदेनं अंटार्क्टिकासाठी स्वतंत्र कायदा केला, आणि तिथे खनिजांसाठी खणणं आपल्या कायद्यानंही गुन्हा ठरलं.

हे झालं दक्षिणेचं. उत्तरेला आपण २०१३ पासून आर्क्टिक परिषदेत निरीक्षक आहोत. आर्क्टिकचा बर्फ आणि आपला मान्सून यांच्या संबंधांचा अभ्यास आपलेच शास्त्रज्ञ करतात. आणि त्याच उत्तरेत आपलं तेलही आहे. २०१६ मध्ये ओएनजीसी विदेश, ऑइल इंडिया, इंडियन ऑइल आणि भारत पेट्रोलियमची उपकंपनी यांनी मिळून सैबेरियातल्या 'वांकोर' तेलक्षेत्रात ४९.९ टक्के वाटा घेतला. वांकोर आर्क्टिक वृत्ताच्या किंचित वर, कायम गोठलेल्या जमिनीवर आहे. म्हणजे ध्रुवीय तेल हा दूरच्या गोऱ्या लोकांचा वाद राहिलेला नाही. त्यात तुमचा-माझा पैसा आहे.

त्याच क्रास्नोयार्स्क प्रांतात, नोरिल्स्कला, २९ मे २०२० ला वीजकेंद्राची एक टाकी फाटली आणि सुमारे २१ हजार टन डिझेल जमिनीत आणि नदीत गेलं. गोठलेली जमीन वितळून पाया खचला, असं कंपनीचं म्हणणं होतं. प्रांताच्या प्रमुखाला याचा नीट पत्ता लागला तो दोन दिवसांनी, समाजमाध्यमांवरून. कंपनीला पुढे सुमारे २ अब्ज डॉलर दंड झाला. वांकोरचा याच्याशी संबंध नाही, हे स्पष्ट सांगतो. पण जमीन तशीच आहे आणि हवामानही तेच आहे. ती जमीन वितळते आहे, आणि ती का वितळते, त्याचं कारण जळणाऱ्या तेलात आहे.

आता रास्त आक्षेप घेऊ. आपण ८५ टक्क्यांहून अधिक कच्चं तेल आयात करतो. गरीब देशानं स्वस्त तेल सोडावं का? लडाखमधल्या चौकीवरचा स्टोव्हसुद्धा केरोसिनवर पेटतो, त्यामुळे तेलाशिवाय जगा असं सांगायला मी आलेलो नाही. माझं म्हणणं क्रमाचं आहे. पुढची कित्येक वर्षं तेल लागणार असेल, तर ते जिथे अपघात झाला तरी माणसं आणि यंत्रं पोहोचू शकतात अशा ठिकाणाहून काढा. जिथे पोहोचूच शकत नाही, ती जागा यादीत शेवटची असावी, आणि यादी तिथपर्यंत येण्याआधी आपली गरज कमी झालेली असावी. कुठलाही शहाणा कमांडर, जखमीला बाहेर काढता येणार नाही अशा जागी तुकडी पाठवायच्या आधी दहा वेळा विचार करतो. बाजारही आता तसा विचार करू लागला आहे. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेनं अलास्कातल्या आर्क्टिक अभयारण्याच्या जमिनीचा तेलासाठी लिलाव काढला, तर एकही बोली आली नाही. ग्रीनलंडनं २०२१ मध्येच नवे परवाने देणं थांबवलं. अर्थात अमेरिकेत सरकार बदललं की धोरण उलटतं, नॉर्वे बॅरेंट्स समुद्रात तेल काढतोच आहे. लढाई चालू आहे.

तुम्ही-आम्ही काय करायचं? आपल्याला पुलावरून लटकायचं नाही. आपल्या हातात त्याहून सोपी हत्यारं आहेत. तुमच्यापैकी कित्येकांकडे ओएनजीसीचे किंवा इंडियन ऑइलचे शेअर असतील. वार्षिक सभेत भागधारकाला प्रश्न विचारता येतो. या सरकारी कंपन्या आहेत, माहितीचा अधिकार आहे, प्रत्येकाला एक खासदार आहे. प्रश्न तीनच विचारा. आपला पैसा आर्क्टिकमध्ये कुठे आणि किती आहे? तिथली जमीन वितळली, नळ किंवा टाकी फुटली, तर मदतीला कोण, काय घेऊन, किती तासांत पोहोचेल? आणि तो आराखडा तिथल्या गावकऱ्यांना त्यांच्या भाषेत वाचायला दिला आहे का? उत्तरादाखल चार हजार पानं आली, तर त्यातलं किती तासांचं पान कुठलं, ते विचारा.

आणि आमच्या कट्ट्यावरच्या मित्रांना एक विनंती. पुढच्या वेळी टीव्हीवर कोणी होडी घेऊन जहाजापुढे उभा दिसला, तर 'रिकामटेकडा' म्हणण्याआधी तो काय विचारतोय ते ऐका. प्रश्न पोकळ असेल तर खुशाल हसा. पण तो रसदीबद्दल, कुमकीबद्दल, माघारीच्या वाटेबद्दल विचारत असेल, तर तो आपल्याच जातकुळीचा माणूस आहे. फक्त त्याच्या अंगावर गणवेश नाही.

 जय हिंद.